हळूहळू उतरलेला फोटो

पेण,
१२ डिसेंबर १९९९

प्रिय सिपोरा,

काल मी तुला पाहिलं. तू तिकडे सातासमुद्रापलीकडे अश्दोदला, मी इकडे पेणला, तरी अगदी समोर बसून पाहिलं. तुझ्या रूबेनने आमच्या निकेशला कळवलं होतं, की आईचे फोटो इंटरनेटवर लावलेत, चंद्रामावशीला दाखव. निकेशची शिफ्ट, त्याला सवड कुठली? म्हणून सूनबाई भूमिका मला बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेली. तिला त्यातलं सगळं येतं.

खरं सांगू, मला जायचंच नव्हतं. एप्रिलात बसने तुला उडवल्याचं कळलं त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नव्हतं. रूबेन फोनवर एवढंच म्हणायचा, ऑपरेशन झालं, आई बरी आहे. पायाचं विचारलं की दुसरंच काहीतरी बोलायचा. शेजारची गोदूबाई म्हणाली, पाय काढला असणार, म्हणून सांगत नाहीत. मी तिच्याशी भांडले, पण मनात तेच धरून बसले. आपण दोघी शिकवायचो त्या रोह्याच्या बालवाडीत पोरं पळाली की नदीपर्यंत त्यांच्यामागे धावायचीस ती तू. मी आपली दारात उभी राहून हाका मारायचे.

पण गंमत बघ. पडद्यावर आधी पोस्टाच्या तिकिटाएवढे तुमचे सगळे फोटो ओळीने आले. हवं त्यावर माउसने टिचकी मारायची, की तो मोठा होतो. खाली रूबेनने कोण, कुठे, सगळं लिहिलंय. तुमचा समुद्र पाहिला, तुझ्या गच्चीवरची अळूची कुंडी पाहिली. एक फोटो आडवाच लागलाय, तो आम्ही दोघींनी माना वाकड्या करून पाहिला. फोटोंखाली आपणही काही लिहायचं, ते तिकडे तुम्हाला लगेच दिसतं म्हणे. आमचेही फोटो तिथेच तुमच्या शेजारी लावता येतील, असं भूमिका म्हणाली.

मग तिने तुझा मोठा फोटो उघडला. तो एकदम येत नाही गो, वरून खाली पट्टीपट्टीने उतरतो. आधी आकाश. मग तुझे केस, किती पिकलेत. मग कपाळ, चष्मा, तेच हसू. पुढे खांदे, कंबर, आणि तिथे येऊन थांबलं. मी उठायला लागले. भूमिकाने माझा हात धरला. "आई, बसा. येतंय अजून."

आलं. आधी निळा झगा, मग हातातली काठी, मग काठीजवळ चपला. दोन चपला, आणि दोन्हींत तुझी पावलं. मी पडद्याला बोट लावून ती पुन्हा पुन्हा पाहिली. "सिपोरा उभी हाय," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. दुकानदाराने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, घरात कुणाचं वाईट झालंय. भूमिकाने त्याला समजावलं. फोटोखाली मी तिच्याकडून लिहवून घेतलं, फोटो छान आलाय. सगळ्यांनी वाचायच्या जागी याहून जास्त काय लिहायचं?

जास्तीचं इथे लिहिते. मे महिन्यात फोनवर तू म्हणालीस, "चंद्रे, रोह्याचं माझं घर हिरामण मागतोय ना, त्याला देऊन टाक. मी आता येत नाही." मी बरं म्हटलं आणि देत मात्र नाही. दर महिन्याला रोह्याला जाऊन दारं-खिडक्या उघडते, झाडून येते, आणि हिरामणला काहीबाही सांगून परत पाठवते. त्याला मुलाच्या लग्नाआधी घर हवंय, माणूस भला आहे, त्याला किती दिवस फिरवू? परवा तो पेणला आला तेव्हा त्याला म्हटलं, तिला एकदा विचारते. तेच विचारायला हे पत्र. तू त्या दिवशी बोललीस ते पलंगावरून. आता उभी राहून सांग. द्यायचंच म्हणालीस तर त्याच दिवशी किल्ली देईन. नाहीतर काठी घेऊन ये, नदीपर्यंत आपण सावकाश जाऊ.

तुझीच,
चंद्रावती