बैलांच्या पायात बूट

ताडकळसला तीर्थरूप बाबांच्या पायांवर शिकंद्राबादेहून सूर्यभानचं डोकं.

पुन्हा तेच लिवलंत, तू घरचे बैल सोडून साहेबाचं गवत राखायलायस म्हणून. पण पोळ्याला सुट्टी न्हाई, बाबा. त्याच दिवशी साहेब लोकांचा गोल्फचा मोठा सामना हाय.

आपल्या शिवाराएवढं मैदान, अन् चेंडू घालायला गोट्या खेळायच्या खळगीएवढी अठरा भोकं. आपुन रान सपाट करतो, हितं सपाट रानाला मुद्दाम उंचवटे घातलेत. सरळ मारलं तर वाळूचा खड्डा, वाकडं मारलं तर तळं. कुणी सुखानं पोचूच नये, असं आखलंय.

गवत कापायचं यंत्र बैल ओढतात. खुरांचे ठसे उठू नयेत म्हणून मी त्यांना चामड्याचे बूट घालतो. हसू नका. मी अनवाणीच हाय.

पोळ्यादिवशी तरी बैल जुंपू नका म्हणून मुकादमाच्या पाया पडलो. तो म्हणला, "बैल तुझ्या बापाचे हायत का रे?"

म्हणजे मीच जुंपणार. मग कोणत्या तोंडानं गावात येऊ?

आईचा खोकला थांबला का? मी पोटभर जेवतो, सांगा तिला.

खांदेमळणीला सर्जाच्या खांद्याला माझ्या नावानं लोणी लावा. त्याच्या नव्या झुलीसाठी चार रुपये धाडलेत.