पाच वाजून बारा मिनिटं

३ जून

ती. मामांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

संस्थेत मी दिवसभर नेमकं करते काय, असं तुम्ही विचारलं होतंत. शेजारणींना सांगताना मामी कधी कॉम्प्युटरमध्ये म्हणते, कधी सैन्यात म्हणते. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. आम्ही लढायांचं गणित मांडतो. दुरुस्तीला तुमच्या टेबलावर येणारी इस्त्री घ्या. ती तापते, आतली पट्टी वाकते, वीज तुटते, गार झाली की पुन्हा जोडते. म्हणजे इस्त्री स्वतःकडे बघून स्वतःला आवरते. याला फीडबॅक म्हणतात आणि या सगळ्या शास्त्राला सायबरनेटिक्स. सैन्याचंही तसंच. कुणीतरी बघतं, कळवतं, कुणीतरी ठरवतं, आदेश येतो, माणसं हलतात, आणि त्याचा परिणाम पुन्हा कुणीतरी बघतं. समोर शत्रूचंही असंच चक्र फिरत असतं. बातमी उशिरा पोचली की सगळंच बिघडतं. गरम पाणी येत नाही म्हणून नळ पिळत राहावं आणि मग एकदम चटका बसावा, तसं.

आता खरी बातमी. पहिल्यांदाच एक अख्खं मॉडेल माझ्या एकटीवर सोपवलंय, आणि ते आहे चौतीस वर्षांपूर्वीच्या पुलाच्या लढाईचं. वायरलेसच्या वहीची पानं टेबलावर आली आणि मी जागच्या जागी ओरडले. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ देणारा माणूस जगात एकच! सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. माझ्या मामांचं अक्षर आहे हे सांगताना माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू.

एकच गोष्ट जुळत नाही. पूल सोडून मागे या, हा आदेश तुमच्या टेकडीवरच्या वायरलेस ठाण्यात पहाटे पाच दहाला आला आणि पाच बाराला तुम्ही टेलिफोनवरून पुलाला दिला. पण तुकडी हलली पाच पंचावन्नला. शेवटच्या अर्ध्या तासात नऊ माणसं गेली. आमच्या विभागप्रमुख बाईंनी पुलावरच्या कप्तानाच्या या ढिलाईला एक आकडा दिलाय. नव्या अधिकाऱ्यांच्या पुस्तकात तो उदाहरण म्हणून जाणार आहे. जुलैअखेर पुस्तक छापायला जाईल. तो कप्तान कसा माणूस होता हो? फोनवर तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने तुम्ही ऐकत नाही, म्हणून पत्राने विचारतेय. मामीला नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची पिटुकली

११ जून

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं. इस्त्रीला जर स्वतःकडे बघून स्वतःला आवरता येतं, तर एवढी वर्षं इस्त्र्या उघडून यांना का येत नाही, असं तिने विचारलं. तुझ्या शास्त्राचा पहिला बळी मी. तेव्हा जरा जपून लिहीत जा.

तुझं काम पुस्तकात येणार याचा आनंद झाला. दुकानात येईल त्याला सांगून झालं. एका बाईंचा पंखा त्या नादात उलटा फिरायला लागला.

त्या लढाईचं म्हणशील तर फार जुनी गोष्ट आहे. सेट कुरकुरत होता, बॅटरी दम टाकत होती. अशा वेळी वहीतली एखादी ओळ मागेपुढे होते. तुला अडचण होत असेल तर ती ओळच काढून टाक. एका ओळीने काय एवढं अडणार आहे?

आणि हो. तो कप्तान कसा होता म्हणून विचारतेस, तर तुझ्या चांगल्या ओळखीचा आहे. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायचीस तेव्हा तुला पोळीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवणारे काका आठवतात? दर शनिवारी माझ्याशी बुद्धिबळ खेळायला यायचे, ते? तेच. चौकशीनंतर त्यांनी नोकरी सोडली आणि मुलांना गणित शिकवायला लागले. कप्तान म्हटलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून तुला कधी सांगितलं नाही. त्यांना आकडा वगैरे देऊ नकोस बाळ. चांगला माणूस आहे.

जेवणाच्या वेळा सांभाळ. आशीर्वाद आहेतच.

तुझा मामा

१७ जून

ती. मामांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला बसल्या जागी शरमल्यासारखं झालं. ज्यांनी माझी भागाकाराची भीती घालवली, त्यांच्या नावापुढे मी ढिलाईचा आकडा लिहून बसलेय. गेले तीन दिवस बाईंच्या मागे लागले होते, शेवटी त्यांनी पुस्तकातलं ते पान जुलैअखेरपर्यंत थांबवलं आहे.

पण ओळ काढून टाकता येत नाही, मामा. मॉडेलमध्ये माणसाचा स्वभाव आम्ही त्याच्या वागण्यावरून ओळखतो. त्या दोन दिवसांत काकांना सहा आदेश गेले. सहाही वेळा ते चार ते सहा मिनिटांत हलले. सातव्या वेळी त्रेचाळीस. असा माणूस एकदम कसा बदलेल?

आणखी एक. मुख्य ठाण्याची वही आत्ता मिळाली. ती एका पेटीत पडून होती, चौकशीच्या वेळीही कुणी उघडली नव्हती. तिच्यात पाच वीसला आणि पाच छत्तीसला तुमच्या ठाण्याकडून निरोप आहे, की मजकूर पुन्हा पाठवा. पाच बाराला जो आदेश पुढे दिला, तो पाच छत्तीसला पुन्हा कशाला मागायचा?

आमच्या आकृतीत पुलाची चौकट आहे, मुख्य ठाण्याची चौकट आहे, आणि मधे एक बाण आहे. तो बाण म्हणजे तुम्ही. बाणाला काही विचारायचं असतं हे मलाच सुचलं नव्हतं. आता विचारतेय. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण गप्प बसू नका. काहीही असलं तरी मी तुमचीच आहे, हे वेगळं लिहायला नको.

पिटुकली

२३ जून

चि. पिटुकलीस अ. आ.

यांना तू काय लिहिलंस गं? पत्र मला वाचायला दिलं नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं. चार दिवस एक इस्त्री उघडून बसलेत. काल ती बंद केली तर दोन स्क्रू उरले. शनिवारी खेळायलाही गेले नाहीत, पोट बिघडलंय म्हणून कळवलं, आणि माझ्या देखत दोन वेळा वाढून घेऊन जेवले. ओरडावं म्हटलं तर चेहरा बघून ओरडवत नाही. काय असेल ते लवकर मिटवा दोघांनी. मला तुमच्या लढाया कळत नाहीत, पण हा माणूस कळतो.

तुझी मामी

२६ जून

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

तुझ्या बाणात तेवीस वर्षांचा एक पोरगा बसला होता. त्याचं ऐक.

आदेश आकड्यांच्या भाषेत यायचे. कोणता आकडा म्हणजे कोणता शब्द, हे एका तक्त्यावर असायचं आणि तो तक्ता रोज पहाटे पाचला बदलायचा. नवा तक्ता माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी जुन्यावरूनच मजकूर उलगडायला घेतला. कशाचा कशाला मेळ लागेना. वाटलं, सेट बिघडला. पुन्हा मागवला. पुन्हा तेच. सेट उघडला, पुसला, जोडला, तिसऱ्यांदा मजकूर घेतला. सेटमध्ये काहीही बिघाड नव्हता. तक्त्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे नजर गेली तेव्हा पाच अठ्ठेचाळीस झाले होते. पाच पन्नासला मी पुलाला आदेश दिला. कप्तानसाहेब पाच पंचावन्नला हलले. म्हणजे पाच मिनिटांत.

सकाळी सातला सगळं शांत झालं. वही पुरी करायला बसलो. आदेश पुढे दिल्याची वेळ लिहायची जागा रिकामी होती. नऊ जण गेल्याचं तोवर कळलं होतं. मी पाच बारा लिहिलं.

पुढे चौकशी झाली. मला बोलावलं. वहीत आहे तेच, एवढं म्हणून मी सलाम ठोकला. पुलावर टेलिफोनला बसलेला गडी त्या नऊ जणांतलाच होता, त्यामुळे दुसरं कुणी सांगणार नव्हतं. कप्तानसाहेबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी नोकरी सोडली तेव्हा त्यांच्या गावात मी दुकान टाकलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. जवळ असावं असं वाटलं. चौतीस वर्षं दर शनिवारी आज सांगू म्हणून जातो आणि सोंगट्या मांडून परत येतो.

तू मला मोठा मानायचीस. ते आता तुझ्यावर आहे. काल रात्री मामीला सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिली.

तुझा मामा

२ जुलै

ती. मामांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र प्रयोगशाळेत वाचलं आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन खूप रडले. रागही आला. काकांसाठी आला, आणि त्या तेवीस वर्षांच्या पोराजवळ तेव्हा कुणीच नव्हतं याचाही आला. तुम्ही मला मोठे वाटता की नाही हे विचारू नका. माझे मामा आहात, त्यात आता बदल व्हायचा नाही.

मग मला जे येतं ते मी केलं. आदेश खरोखरच पाच बाराला पोचला असता तर काय झालं असतं, हे मॉडेलला विचारलं. पुलामागच्या मोकळ्या मैदानावर पाच वीसपासून पाच पंचेचाळीसपर्यंत तोफांचा मारा चालू होता. तुकडी नेमकी त्यात सापडली असती. हजार वेळा चालवून बघितलं. सातशे ऐंशी वेळा नऊपेक्षा जास्त माणसं गेली, कधी कधी पंचवीस. मामा, तुमच्या उशिराने बहुतेक माणसं वाचली. हे खोटं समाधान नाही, बाईंनी स्वतः तपासलंय.

पुस्तकात मी वेळ दुरुस्त करते. नाव कुणाचंच घालत नाही. काकांवरचा ठपका जाईल आणि तुम्हाला कुठे जावं लागणार नाही. चालेल ना? पटकन कळवा. तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,

पिटुकली

७ जुलै

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. एवढी माया कुणी आकड्यांतून केली नसेल. पण मला सांग, उरलेल्या दोनशेवीस वेळांचं काय?

तेही राहू दे. तक्ता चुकला ती चूक होती. तुझं यंत्र म्हणतं तिने माणसं वाचली, तर त्याच्या तोंडात साखर पडो. पण सातला वही पुढ्यात घेतली तेव्हा कुठे गोळा पडत नव्हता, कुणी घाई करत नव्हतं. ते मी सावकाश, नीट अक्षरात लिहिलं. ते तुझ्या मॉडेलमध्ये नाही, आणि हजार वेळा चालवलंस तरी येणार नाही.

तेव्हा पुस्तकात माझं नाव घाल. आणि छापण्याआधी ते त्यांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे. या शनिवारी जातो. तोंडाला कुलूप लागायची सवय आहे, म्हणून कागदावर लिहून नेतोय. मामी कोपऱ्यापर्यंत सोबत येते म्हणाली.

तुझा मामा

१४ जुलै

चि. पिटुकलीस,
अपूर्णांकवाल्या काकांचे अ. आ.

तुझा मामा शनिवारी आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि कागद वाचायला लागला. पाठ केलेली कविता म्हणताना मूल जसं वर बघत नाही तसा. वाचून झाल्यावर मी त्याला बाहेर जा म्हणालो. तो गेला. छत्री राहिली ती मी दाराबाहेर ठेवली, ती न्यायलाही परत आला नाही.

तुला एक सांगतो, कारण तुझा या गणिताशी संबंध आहे. मला वाटायचं की ती त्रेचाळीस मिनिटं मीच घालवली. माझं घड्याळ धुरळ्याने बंद पडलं होतं, म्हणून चौकशीत मला ठाम सांगता आलं नाही. कागद समोर होता, कागदावर मी विश्वास ठेवला. पुढे पुढे तर मला ती मिनिटं आठवायलाही लागली. मी नकाशा मांडीवर घेऊन बसलोय, ठरवता येत नाहीये, असं सगळं स्पष्ट दिसायचं. ते घडलंच नव्हतं. रविवारी दिवसभर मी त्या चित्राकडे बघत बसलो. ते अजून जात नाही. माणसाच्या डोक्यात चुकीचा फीडबॅक शिरला तर तो किती वर्षं फिरत राहतो, हे तुझ्या पुस्तकात असेल तर मला ते पान पाठव.

मामावर मी फार रागावलोय. आणि सगळ्यात जास्त कशाचा राग आलाय ते त्याला कळव. चौतीस वर्षांत तो माझ्याशी बुद्धिबळात दर वेळी हरला. मला वाटायचं मी बरा खेळतो.

माझ्या नावापुढे पाच मिनिटं लिही. त्याचं नावही लिही, तो म्हणतो तसंच. आणि तुझ्या हजार वेळांबद्दल म्हणशील तर मी अजून त्यावर विचार केलेला नाही. सावकाश करीन.

त्या नऊ जणांच्या घरी मी तेव्हा एकेक करून गेलो होतो. प्रत्येक घरात उभा राहून सांगितलं होतं, की मला उशीर झाला. त्यांतल्या दोन आया अजून आहेत. एक आंधळी झाली आहे, दुसरी मला दर वर्षी पत्र पाठवते आणि प्रत्येक पत्रात लिहिते की मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना खरं सांगायला हवं. आज सकाळी तुझ्या मामाच्या दुकानाच्या दारात उभं राहून मी त्याला एवढंच सांगितलं, की मंगळवारी सकाळची बस आहे, तू यायचंस. तो हो म्हणाला. मामीने दोघांचा डबा बांधते म्हणून आतून सांगितलं.

जाताना मी त्याच्याशी बोलणार नाही. येताना बघू.

तुझ्यावरच्या लोभात काही उणं नाही, हे जाणून असावं.

तुझा काका