उशीखालचा आवाज

अहो,

थर्ड शिफ्ट करून आलात की तुम्ही उशीखाली तो छोटा स्पीकर लावून झोपता. मला वाटलं, कुणा बाईचा आवाज असेल. काल तो चालू ठेवूनच तुम्ही आंघोळीला गेलात, तेव्हा मी उशीला कान लावला. तुमच्या कंपनीतल्या प्रेस मशीनची धडधड होती, मधेच सुपरवायझरची हाक.

रात्रभर तेच ऐकून आलेला माणूस घरी पुन्हा ते कशाला ऐकेल?

मग तुमचा युनिफॉर्म भिजवला. पाण्यावर तेलाचा तवंगच आला नाही. महिनाभर युनिफॉर्म पटकन स्वच्छ निघतोय, आणि मी वेडी नव्या पावडरचं कौतुक करत होते!

हे पत्र फाडून टाकीन. डबा रोजच्यासारखाच भरीन. पण रात्रभर तो घेऊन तुम्ही बसता कुठे?

तुमची,
निशिगंधा