उठलेल्यांच्या पंगतीत

बाभुळगाव,
१४ नोव्हेंबर २०१७

ती. ताईस, मैनाचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. मठात थंडी पडली म्हणतेस, तर पायमोजे घाल. सेविकांनी पायमोजे घालू नयेत असं पोथीत कुठंही नाही, मी पाहिलं आहे.

इकडे यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला. जिनिंग दिवाळीपासून बंदच, म्हणून आमचे हे आदिलाबादकडच्या जिनिंगवर काट्यावर वजनाच्या कामाला गेले. संक्रांतीशिवाय यायचे नाहीत. लालीबाई पुसदला लेकीकडे कायमची गेली, तेव्हापासून गुरुवारच्या सत्संगाला मी एकटीच. आरती मीच म्हणते, प्रसाद मीच वाटते आणि मीच खाते.

यांनी जाताना मोबाईल घेऊन दिला. त्यातलं रोजचं नेट त्याच दिवशी वापरलं नाही तर बुडते वं! वाया घालवणं जिवावर येते. म्हणून आपली भजनं शोधत होते, तर एक गट सापडला. नाव 'उठलेली माणसं'. पंथ सोडला की आपण 'पंगतीतून उठला' म्हणतो ना, तीच ही माणसं, दोनशेच्या वर. लगेच बंद करणार होते. पण ते सांजआरतीच्या दुसऱ्या कडव्यावर भांडत होते आणि सगळेच चूक! राहवलं नाही. वर सा. न. वि. वि. घालून बरोबर कडवं लिहून दिलं. आता ते मले 'पत्रवाली मावशी' म्हणतात. कधी उठलात, काहून उठलात, विचारतात. मी खोटं बोलले नाही. आरतीचं पुढचं कडवं लिहून दिलं.

माया आहे तशी राहू दे.

तुझी
मैना

मठ, झरीकडून,
२७ नोव्हेंबर २०१७

चि. मैना हिस अनेक आशीर्वाद.

पायमोजे घातले. आता माझं ऐक. उठलेल्याशी बोलू नये, त्याच्या हातचं पाणी घेऊ नये, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. बोटांनी लिहिलं म्हणजे बोललं नाही, ही वकिली गुरूपुढे चालत नाही.

आणि मला कायले फसवतेस? तू आरती सुधरवायला गेली नाहीस. निशिगंधाला शोधून राह्यलीस. चार वर्षांपूर्वी तुझी लेक भरल्या पंगतीतून उठली, तेव्हा तिचं ताट मीच उचललं होतं. अर्धी पोळी तशीच होती. पण कोणाला कळलं तर माघी उत्सवात तुला पंगतीत बसवायचे नाहीत. वाढायला मी असते. तुला ओलांडून मला पुढे जावं लागेल, आणि ही पत्रंही बंद होतील. फोन ठेवून दे, माळ हातात घे.

आशीर्वाद आहेतच, ते टिकतील असं वाग.

तुझी
तुळसाताई

बाभुळगाव,
१८ डिसेंबर २०१७

ती. ताईस, मैनाचा सा. न. वि. वि.

तू ओळखलंस. निशीचा नंबर बदलला, पत्ता नाही. म्हणून त्या गटावरचं जुनं-जुनं सगळं वाचत बसते. पूजा झाली की बसते, ते दिवा लावायच्या वेळेस उठते. डाळ दोनदा करपली. दिवसभर काय करून राह्यली म्हणून यांनी फोनवर विचारलं, तर मी नामस्मरण म्हटलं. तेवढं मात्र खोटं झालं.

परवा 'धाकटी' नावाच्या कोणी लिहिलं, की लहानपणी अळणी सोमवारी आईचा डोळा चुकवून ती लोणच्याच्या बरणीतलं मीठ चाटायची. ताई, आपली निशी अगदी हेच करायची. मी लगेच लिहिलं, निशे, तूच का वं?

 घंटाभरानं उत्तर आलं, की ती निशी नाही, उर्वशी. लोहाऱ्याला राहते, नवरा तिथल्या कारखान्यात आहे. उठल्यापासून तीन वर्षं आईनं फोन घेतला नाही. आणि खाली लिहिलं होतं, मावशी, तशी हाक अजून एकदा मारा ना.

मारली. एकदाच नाही.

पंथातली सगळीच पोरं ते मीठ चाटत असतील, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

रागाव, पण माया सोडू नको.

तुझी
मैना

मठ, झरीकडून,
४ जानेवारी २०१८

चि. मैना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. नाव न घेता महाराजांना विचारलं. तीन दिवस अळणी, अकरा हजार जप आणि फोन सोडायचा, एवढ्यावर सुटका आहे म्हणाले. स्वस्तात सुटतेस, तुला आवडेल.

मैना, माघीला ये. इथं साठ बायका आहेत. सगळ्या एकमेकींना सेविका म्हणतात. ताई म्हणणारी तू एकटीच, तीही वर्षातून एकदा.

माझ्यासाठी तरी एवढं कर.

तुळसाताई

बाभुळगाव,
१७ जानेवारी २०१८

ती. ताईस, मैनाचा साष्टांग नमस्कार.

तीन दिवस अळणी केलं. जप पुरा केला. फोन कपाटात कुलपात ठेवला होता, तो चौथ्या दिवशी काढला. तुझ्यापासून काय लपवू?

उर्वशीला सातवा लागला आहे. डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलं. सासू नाही, आणि आई दार उघडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असते, तर मी कुठं जाऊ, असं तिनं गटावर सगळ्यांना विचारलं होतं. शंभरावर माणसांनी हळहळ लिहिली. पत्ता कोणीच दिला नव्हता. मी दिला.

हे संक्रांतीला आले तेव्हा यांना सांगितलं. तिळगुळाचा लाडू तोंडात तसाच धरून बसले. पंगत यांचीही जाणार. मग लाडू गिळून म्हणाले, की निशीची खाट माळ्यावरून काढावी लागेल, दोऱ्या सैल झाल्या असतील. मग काढलीच.

रविवारी तिला घ्यायला स्टँडवर जाते. ती निशी नाही, हे मले पक्कं ठाऊक आहे. निशीचा शोध चालूच ठेवीन, पण आता दिवसभर बसायला फुरसत मिळायची नाही. घरात आरती दोन्ही वेळा होईल. तिला ऐकायची तर ऐको, नाही तर आत पडून राहो.

माघीला येत नाही. ताई, तुझ्याशिवाय मले माहेरचं कोणी उरलं नाही, हे लिहिताना कळते आहे.

माया राहू दे. राहिली तर कळवू नको, मले पत्र लिहिलंस तर तुझ्या हातचं पंगतीतलं वाढप जाईल.

तुझी
मैना