जावयाच्या कामाची तपासणी

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा आडवा पडून नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का, ते कळव. इकडे माझी प्रकृती उत्तम, पण खुर्ची गेली. रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत पंख्याखालची एकुलती एक खुर्ची माझी होती. तुझे जावई हर्षदराव मुंबईची नोकरी सोडून आमच्यात आले, त्याच दिवशी ती त्यांना दिली गेली (मीच दिली, वर उशीही दिली). तेव्हापासून मी निथळत बसून आंबेवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो.

मोठ्या कंपनीतली एक पद्धत हर्षदरावांनीच इथे लावली: एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासायचा, चुका तोंडावर सांगायच्या, कुणी वाईट वाटून घ्यायचे नाही. पद्धत थोर आहे. ज्यांनी ती काढली त्यांच्यात जावई नसावेत, एवढेच. आमच्या मृणालीने (म्हणजे त्यांच्या मेहुणीने) त्यांचा कोड तपासून शेरा मारला, "छान जमलंय भावजी." मला मात्र त्यात दिसले की गिऱ्हाईकाने 'रद्द करा' दाबले की आंब्याची पेटी रद्द न होता आणखी एक रवाना होते. मी घसा खाकरून म्हटले, "जावईबापू, एक बारीकशी शंका होती."

"बोला ना मामा."

"काही नाही. चहा घेणार का?"

सॉफ्टवेअर सुरू झाले. पुण्यातल्या एका गृहस्थाने (माणूस चिकाटीचा) ते बटण सात-आठ वेळा दाबले. पूर्णगडचे बागायतदार काशीरामशेठ, ज्यांच्या कामावर आमची कचेरी चालते, फोनवर म्हणाले, "अख्खी बाग पुण्याला न्यायचा विचार आहे काय मेल्यांनो? सोमवारपर्यंत नीट करा, नायतर मी दुसरा बघतो." ते गेले तर आम्हाला कुलूपच लावायचे. हर्षदराव मात्र शांत. तपासणीत कुणालाच चूक दिसली नाही, तेव्हा ती नेटवर्कची असणार, असे त्यांचे मत आहे. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

तुझा,
निलेश

ता. क. खरे काम हे, की समीक्षाला फोन करून ही चूक नवऱ्याच्या कानावर घालायला सांग. तिच्या नवऱ्याबद्दल मी मामाने बोलणे बरे दिसत नाही. आईने बोललेले चालते.

आणखी ता. क. समीक्षाला काही सांगू नकोस. हे पत्र छापायला टाकले, तर कागद निघाला हर्षदरावांच्या टेबलाशेजारच्या प्रिंटरमधून. त्यांनी सवयीने तो लाल पेनाने तपासला ('मजकूर लांबला आहे' असा शेराही आहे) आणि तासाभरात बटण दुरुस्त केले. काशीरामशेठ राहिले. मग हर्षदराव म्हणाले, "मामा, आधी सांगायचं ना. तुमच्या सगळ्यांच्या चुका मी आल्यापासून गुपचूप दुरुस्त करतोय. सासरच्या माणसांना सांगणार कसं?"

पत्र तरीही पाठवतो, कारण या कचेरीत खरोखर तपासलेला हा पहिलाच मजकूर आहे. दुपारी डबा उघडला तेव्हा माझ्या डब्यातला तळलेला बांगडा त्यांच्या ताटलीत सरकवला.