न आलेलं चुंबकीय वादळ

९ नोव्हेंबर, स्प्रूस फोर्क

आवाज बदलला! खरंच बदलला!

सबस्टेशनच्या कुंपणाबाहेर उभी होते, टोपी कानांवरून वर सरकवून. एरवी ट्रान्सफॉर्मर एका सुरात गुणगुणतो. आज दुपारी तो सूर जाडा झाला, घरघरायला लागला – घसा बसल्यासारखा. अर्थिंगच्या वायरवर माझा सेन्सर आहे, त्यात जेमतेम चार अँपिअर. वादळ तसं किरकोळच. पण ऐकू आलं! सूर्यावर काहीतरी फुटतं आणि दोन-तीन दिवसांनी अलास्कातल्या एका गावातला लोखंडी डबा घोगरा होतो. कसली भारी गोष्ट आहे ही!

केया गाडीत बसून हसत होती. "शरयू, यू आर सो वियर्ड." ती इथल्या सहकारी वीजसंस्थेची एकुलती एक इंजिनिअर. जन्म शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीच. तिच्या आईने, दीपाकाकूंनी, फराळ पाठवलाय. पोस्टात चकल्यांचा चुरा झाला. चमच्याने खाल्ला.

१३ नोव्हेंबर, फेअरबँक्स

सूर्यावर मोठा स्फोट! त्यातून उडालेला कणांचा ढग सरळ आपल्याकडे निघालाय. परवा दुपारपर्यंत पोचेल म्हणतात.

सकाळपासून कामात लक्ष नाही. विद्यापीठाच्या लॅबमध्ये सगळ्यांना पकडून पकडून सांगतेय. इथे उत्तरेला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जोरात हललं की जमिनीत करंट तयार होतो. खालचा खडक त्याला धड वाट देत नाही. मग तो विजेच्या लांबच लांब लाइनमध्ये शिरतो आणि ट्रान्सफॉर्मरमधून ये-जा करतो. ट्रान्सफॉर्मर त्यासाठी बनवलेलाच नसतो – तापतो. फार तापला तर गेला.

मोठं वादळ, चालू ट्रान्सफॉर्मर, माझा सेन्सर. दोन हिवाळे ह्याचीच वाट बघतेय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "वादळाची कसली गं वाट बघतेस!"

संध्याकाळी केयाचा फोन. नेहमीची थट्टा नाही. "डू वी कीप द ट्रान्सफॉर्मर ऑन ऑर ऑफ? कम टुमॉरो. टॉक टु वॉल्ट."

१४ नोव्हेंबर, स्प्रूस फोर्क

वॉल्ट म्हणजे वीजसंस्थेचा अध्यक्ष. सत्तरीचा, शांत. मला कॉफी दिली आणि म्हणाला, बाहेर उणे पंचवीस आहे. मुख्य लाइन तोडली तर डिझेल जनरेटरवर अर्धंच गाव चालतं, पाळीपाळीने. ते गरम करायलाच कितीतरी तास जातात, म्हणजे आजच ठरवायला हवं. "आर यू शुअर, इट्स कमिंग?"

"ढग येणार हे नक्की. त्यातलं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला असेल, ते तासभर आधी कळेल. त्याच्या आधी कोणालाच नाही."

"अँड इफ द ट्रान्सफॉर्मर बर्न्स?" वॉल्टने विचारलं.

केया माझ्याकडे वळून म्हणाली, "नवा यायला दोन वर्षं. मेबी थ्री." (हे मात्र मराठीत! तिच्याही लक्षात आलं नसेल.)

निर्णय माझ्यावर आला. लाइन तोडली की ट्रान्सफॉर्मरमधून काहीच वाहणार नाही. सेन्सर शून्य. एवढं वादळ डोक्यावरून जाणार आणि माझ्याकडे एक सरळ रेघ! मनात आलंच – राहू दे चालू. एकदाच बघू दे मला!

वॉल्टच्या टेबलावर त्याच्या नातवंडांचा फोटो होता. बर्फात लोळणारी.

"ऑफ," म्हणाले.

नंतर केयाच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. यार, काय हे.

१५ नोव्हेंबर

शाळा बंद. ज्यांच्या घरी आत्ता विजेची पाळी नाही ते सगळे शाळेच्या जिममध्ये. ब्लँकेटं, सूपची पातेली, दोन कुत्री.

ढग वेळेवर आला. उपग्रहाचे आकडे फोनवर बघत होते – क्षेत्र उत्तरेकडे! पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, दक्षिणेकडे असतं तर आत घुसलं असतं. हे नुसतं घासून पुढे गेलं. वाटलं, वळेल. आत्ता वळेल. नाही वळलं. चारला अंधार पडला, सगळे खिडक्यांपाशी गेले. ध्रुवप्रकाश म्हणावा तर आकाशात हिरवट धूर असावा तेवढंच.

प्लगजवळ एक आजी ऑक्सिजनचं मशीन लावून बसल्या होत्या. प्रेमानेच विचारलं त्यांनी, "सो, व्हेअर इज युअर स्टॉर्म, हनी?"

१६ नोव्हेंबर

चुकले.

१९ नोव्हेंबर, फेअरबँक्स

केयाला विचारलं, काय म्हणतायत लोक? आधी "इट्स फाइन" म्हणाली. मग सांगितलं – दोन घरांत पाइप गोठून फुटले. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, त्या स्टुडंटला परत विचारू नका. वॉल्ट काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

लाइन अजून जोडलेली नाही म्हणे. का ते विचारायची हिंमत झाली नाही. दिवसभर एकच विचार: ते क्षेत्र उत्तरेकडेच का राहिलं? सूर्यावरून निघतानाच तसं होतं, की वाटेत फिरलं? पाच पेपर वाचले. कोणालाच नीट माहीत नाही! हे वाचून जरा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२४ नोव्हेंबर

केयाचा फोन. ट्रान्सफॉर्मर बंदच आहे तर तपासून घेऊ, म्हणून तिने त्यातल्या तेलाचा नमुना तेल तपासणाऱ्या लॅबला पाठवला होता आणि तोवर लाइन जोडू दिली नव्हती. मला बोललीही नव्हती. आज रिपोर्ट आला. आत काहीतरी जळत असल्याशिवाय तयार होत नाहीत असे वायू, आणि भरपूर. हे कित्येक महिन्यांचं आहे. "इट वुड हॅव ब्लोन धिस विंटर, शरयू. विथ ऑर विदाउट युअर स्टॉर्म." आता तो पुन्हा चालू होणार नाही. भाड्याने मोठा जनरेटर ट्रकवरून निघालाय.

म्हणजे माझा सेन्सर ज्याच्यावर होता, तो ट्रान्सफॉर्मरच संपला. कशाने – वादळांनी, वयाने? उद्या झाकण उघडणार आहेत. वॉल्टने सांगितलंय, शरयूला बोलवा.

पहाटे निघतेय.