भायलो न्हवरो

ती. रुक्मिणी आतेस, फोंडाघाटाहून धनेशचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालीच बसवून ठेवतो? आम्ही सगळे बरे आहोत. (माझी पाठ सोडून. कारण पुढे येतंच.)

शिमगा आटोपला आणि आमच्याकडे सृष्टी नावाची संशोधक मुलगी आली. गावठी कोंबड्यांचं रक्त तपासून कोण कुणाच्या किती जवळचं ते शोधते. सुईचं नाव ऐकताच शेवंती (तुझी भाचेसून, तिला तू ओळखतेसच) अंगणात आडवी उभी राहिली. "माज्या कोंबड्यांका सुई टोचूक देवचंय नाय!" मी मात्र विज्ञानाच्या बाजूचा. उघड्या मानेच्या कोंबडीवर अशी झेप घेतली, की कोंबडी माडाखाली आणि मी शेणाच्या खड्ड्यात. आते, ती मुलगी हसली नाही गो! हात देऊन तिनं मला बाहेर काढलं. (हसली ती शेवंती.) मग ती पायरीवर बसून शेवंतीशी कोंबड्यांच्या आजारांबद्दल बोलत राहिली. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात शिरल्या, तेव्हा शेवंतीनंच एकेक उचलून तिच्या हाती दिली. पंखाखालचं थेंबभर रक्त तिनं असं घेतलं, की निजलेलं पोरही जागं होऊ नये.

परवा निकाल सांगायलाही ती स्वतः आली. रंग बघून आम्हाला वाटायचं, किती तऱ्हा आपल्याकडे! पण कसालच्या बाजारातून आणलेली ती उघड्या मानेची सोडली, तर बाकी सगळी आमच्या एकाच म्हाताऱ्या कोंबड्याची लेकरं, नातवंडं आणि (लिहायला लाज वाटते) बायकाही त्यांतल्याच. शेवंतीचा चेहरा उतरला. गेल्या साली मानमोडीच्या साथीनं अर्धं खुराडं रिकामं केलं, ते ती विसरलेली नाही.

सृष्टी म्हणाली, "वहिनी, रक्त वेगवेगळं असलं की रोग आला तरी सगळ्या एकदम जात नाहीत, काही तगतात. तुमच्या कोंबड्या चिवट आहेत, त्यांना फक्त बाहेरचं नातं हवं."

शेवंतीनं पदर खोचला. मग म्हणाली, "मगे भायलो न्हवरो बघूक होयो!"

सृष्टीनं तिला टाळी दिली. एवढं शिक्षण आणि एवढा कमी दिमाख एकाच माणसात मी पहिल्यांदा पाहिला.

तुझा,
धनेश

ता. क. जामसंड्याच्या तुझ्या परसातला तो तांबूस कोंबडा शेवंतीनं पसंत केलाय. कधी न्यायला येऊ?

ता. क. पुन्हा : रविवारी आमचा धाकटा देवेश मुंबईहून तुझ्याकडे जेवायला येतोय, असं कळलं. त्याचं सुरमईवर भागव. आमच्या तांबूस नवरदेवाला हळद जरूर लागू दे, पण मसाल्यातली नको.